चेरी कोणी वाळवल्या?

चेखोवच्या ‘चेरीची बाग’ नाटकाचा पहिला अंक संपत आलेला असतो. पहाट उलटून गेली आहे. पॅरिसहून परतलेली मालकीणबाई झोपायला गेली आहे. वार्या ही तिची मानलेली मुलगी आणि या सगळ्या घराची कारभारीण. ती मालकीणबाईच्या धाकट्या मुलीजवळ, आन्याजवळ, एक गाऱ्हाणं मांडते. मागच्या जुन्या नोकरखोल्यांत आता फक्त म्हातारी माणसं उरली आहेत: येफिम्युश्का, पोल्या, येवस्तिग्नेई आणि कार्प. कुणाही ऐऱ्यागैऱ्याला ती रात्रीचा आसरा देतात, तिकडे वार्यानं काणाडोळा केला. पण आता त्यांनी उठवलंय की कंजूषपणापायी ती त्यांना नुसते वाटाणे खायला घालते. त्या येवस्तिग्नेईला बोलावून कसं फैलावर घेतलं ते ती सांगू लागते, आणि बघते तर आन्या बसल्या जागी झोपून गेलेली.

या चौघांना रंगमंचावर प्रवेश नाही. पात्रयादीत त्यांची नावं नाहीत आणि विंगेतून खोकलासुद्धा ऐकू येत नाही. खरंच नुसते वाटाणे मिळतात की म्हाताऱ्यांची ती कुरकुर आहे, याचा निकाल पहिल्या अंकात लागत नाही. तो दुसऱ्या अंकात लागतो, आणि खुद्द मालकीणबाईच्या तोंडून लागतो; पुढे वार्याही त्याला दुजोरा देते. संध्याकाळी माळावर एक फाटका, थोडा झिंगलेला वाटसरू येतो. स्टेशनचा रस्ता विचारतो आणि तीस कोपेक मागतो. मालकीणबाई, म्हणजे ल्युबोव आंद्रेयेव्ना रानेव्स्काया, पाकीट चाचपते. चांदीचं नाणं सापडत नाही, म्हणून सोन्याचं देऊन मोकळी होते. तेव्हा वार्याला राहवत नाही. घरातल्या नोकरांच्या पोटाला काही नाही आणि इथे सोनं वाटलं जातंय, असं ती बोलून जाते. रानेव्स्काया आपल्याच वेडेपणाला हसते आणि तिथेच असलेल्या लोपाखिन या व्यापाऱ्याकडे आणखी उसने पैसे मागते.

एका बाजूला वाटाणे, दुसऱ्या बाजूला उसनवारीवर दिलेलं सोनं. मला हे नाटक या दोन टोकांकडून उमगत गेलं. रानेव्स्काया दुष्ट नाही. ती सढळ हाताची, मायाळू, कुणाच्याही गळ्यात पडणारी बाई आहे. समोर दिसेल त्याचं दुःख तिला सहन होत नाही. मागच्या खोलीतले चार म्हातारे मात्र तिच्या डोळ्यांसमोर येत नाहीत, आणि ते दिसू नयेत अशीच घराची रचना आहे. ते सांभाळणं वार्याचं काम. वार्याविषयी तिची आई एकदा कौतुकानं सांगते की ही साध्या लोकांतली पोर, दिवसभर राबते. घरात पैसा नसताना चूल चालू ठेवायची म्हणजे कुणाच्या तरी ताटातलं काढावं लागतं. ते काढणारी वार्या कंजूष ठरते आणि उधळणारी आई उदार ठरते. रशियातल्या वाड्यावरची ही वाटणी आपल्या वाचकाला परकी वाटू नये.

पूर्वी मॉस्कोहून छापून येणारी रशियन पुस्तकं आपल्याकडे अगदी स्वस्तात मिळत. जाड पुठ्ठा, पक्की शिवण, आणि किंमत अशी की विद्यार्थ्यालाही परवडावी. माझ्यासारख्या पुष्कळांच्या हाती चेखोव तसा पडला. त्याची ‘बाग’ मात्र मी नीट वाचली ती खूप नंतर, एका हौशी नाटकमंडळात वाचनासाठी भूमिका वाटल्या गेल्या तेव्हा. रानेव्स्कायासाठी तिघीजणी इच्छुक होत्या. लोपाखिन, त्रोफिमोव, झालंच तर रानेव्स्कायाचा भाऊ गायेव, यांनाही भाव होता. फिर्स हा ८७ वर्षांचा नोकर कुणालाच नको होता. तो माझ्या वाट्याला आला, कारण माझ्या दाढीत पांढरे केस होते.

फिर्स वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. हा माणूस सतत काहीतरी वाहून नेत असतो. पहिल्या अंकात कॉफी आणतो, मालकिणीच्या पायाखाली उशी सरकवतो. दुसऱ्यात दमट हवा पडली म्हणून पन्नाशीच्या गायेवमागे कोट घेऊन धावतो. तिसऱ्यात नाचगाणं चालू असताना त्याच्या हातात सोड्याचा ट्रे असतो. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून त्याची वाक्यं भलत्याच ठिकाणी पडतात आणि प्रेक्षक हसतात. त्याची बडबड म्हणजे पार्श्वसंगीत अशीच सगळ्यांची समजूत असते. वाचनात इतरांचीही तीच समजूत झालेली मला दिसत होती. माझं वाक्य आलं की पुढच्या भूमिकेचा माणूस आपलं पान उलटून घेई.

आणि नाटकातली सगळ्यात महत्त्वाची आर्थिक माहिती नेमकी या बडबडीत आहे.

कर्जापायी इस्टेट लिलावात जाऊ नये म्हणून लोपाखिन आपली योजना मांडतो तो प्रसंग. बाग तोडा, जमिनीचे तुकडे पाडा, शहरातल्या लोकांना उन्हाळी बंगल्यांसाठी भाड्यानं द्या. जवळून रेल्वे गेली आहे आणि शहर वीस वेर्स्तांवर, म्हणजे साधारण तितक्याच किलोमीटरांवर आहे. देस्यातीनला म्हणजे साधारण अडीच एकराला वर्षाचे २५ रूबल धरले तरी २५,००० रूबल घरबसल्या येतील. बहीणभाऊ हादरतात. गायेव अभिमानानं सांगतो की या बागेचा उल्लेख विश्वकोशात आहे. लोपाखिन म्हणतो, या बागेत विशेष एवढंच की ती फार मोठी आहे. चेरी दोन वर्षांतून एकदा येतात आणि आल्या तरी कुणी घेत नाही. तेवढ्यात फिर्स पुटपुटतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या चेरी वाळवत, भिजवत, मुरवत, त्यांचा मुरंबा करत. वाळवलेल्या चेरींच्या गाड्याच्या गाड्या मॉस्कोला आणि खार्कोवला जात आणि पैसा येई. चेरी मऊ, रसाळ, गोड, सुवासिक असत. तेव्हा ती रीत ठाऊक होती.

आता ती रीत कुठे गेली, असं रानेव्स्काया विचारते. विसरले, आता कुणालाच आठवत नाही, असं फिर्स सांगतो. यावर पिशिक नावाचा शेजारी जमीनदार विचारतो, पॅरिसमध्ये बेडूक खाल्ले का? ती सांगते, मी मगरी खाल्ल्या. हशा. आणि चेरी वाळवायची गोष्ट कायमची मिटते.

त्या मगरींचा मला फार राग येतो.

फिर्सची चाळीस-पन्नास वर्षं मोजून बघा. नाटक १९०३ मध्ये लिहून झालं. चाळीस वर्षांहून थोडं मागे गेलं की आपण १८६१ ला येऊन ठेपतो. त्या वर्षी झार दुसऱ्या अलेक्झांडरनं भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. तोपर्यंत जमीनदाराच्या मालकीची माणसंच सव्वादोन कोटींच्या आसपास होती. ती जमिनीबरोबर विकली जात, हुंड्यात दिली जात. जमीनदार कर्ज काढत तेव्हा तारण म्हणून माणसं लावत. मुक्तीच्या सुमारास एकूण भूदासांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश सरकारी पतसंस्थांकडे गहाण होते. आज गायेव-रानेव्स्कायाची झाडं गहाण आहेत. त्यांच्या बापाच्या काळात माणसं गहाण पडत.

एवढी थोरली बाग वेचायची, बिया काढायच्या, वाळवायच्या, खार्कोवपर्यंत गाड्या हाकायच्या, याला किती हात लागत असतील! त्या हातांना पैसे द्यावे लागत नव्हते तोपर्यंत धंदा तेजीत होता. द्यावे लागले तेव्हा तो बसला. रीत हरवली म्हणजे कुठल्या वहीतलं पान फाटलं असं मला वाटत नाही. ती रीत मालकांना कधी येतच नव्हती. ज्यांना येत होती ती माणसं पांगली. ही बाग म्हणजे फुकटच्या श्रमांवर चाललेला कारखाना होता, आणि कारखाना बंद पडल्यावर जे उरलं त्याला मालक मंडळी सौंदर्य म्हणू लागली. चेखोवनं हे कुठल्याही पात्राला स्पष्ट बोलू दिलेलं नाही. फक्त मुरंब्याची आठवण काढायला लावली आहे.

माळ्याचंही तेच. नाटकाचं नावच बाग, तेव्हा माळी हवाच. आहेही. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला इस्टेटीचा कारकून येपिखोदोव फुलांचा गुच्छ घेऊन येतो आणि सांगतो, माळ्यानं पाठवलाय, जेवणघरात ठेवायला सांगितलाय. बस्स, माळ्याची कामगिरी संपली. चार अंकांत तो एकदाही दिसत नाही. बागेचा लिलाव होतो, सगळे रडतात, त्याचं काय झालं ते कुणी विचारत नाही.

त्याच बागेत दोघांना दोन निराळी भुतं दिसतात. पहिल्या अंकात खिडकीतून बघताना रानेव्स्कायाला भास होतो की पांढऱ्या पोशाखातली आपली आई झाडांमधून चालली आहे. दुसऱ्या अंकात त्रोफिमोव, हा कायमचा विद्यार्थी, आन्याला सांगतो की तुझे आजे-पणजे जिवंत माणसांचे मालक होते. प्रत्येक चेरीतून, पानातून, बुंध्यातून ती माणसं तुझ्याकडे बघतात, त्यांचे आवाज तुला ऐकू येत नाहीत का? मला यातलं दुसरं भूत जास्त खरं वाटतं, जरी ते सांगणारा त्रोफिमोव स्वतः फारसं काही काम करत नसला तरी. थोडी भाषांतरं सोडली तर श्रमांविषयी बोलणं हाच त्याचा श्रम. असे विद्यार्थी आपल्याकडेही होते आणि आहेत. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही, कारण पुष्कळदा ते बरोबर असतात.

त्रोफिमोव बरोबर होता हे निदान सेन्सॉरला तरी पटलेलं दिसतं. त्याच्या बोलण्यातल्या दोन जागांवर झारशाहीच्या सेन्सॉरनं हरकत घेतली आणि चेखोवला त्या बदलाव्या लागल्या. एक ही, जिवंत माणसांच्या मालकीची. दुसरीत त्रोफिमोव सांगतो की आपल्या डोळ्यांदेखत कामगार निकृष्ट खातात, तीस-तीस, चाळीस-चाळीस जण एका खोलीत उशीशिवाय झोपतात, ढेकूण, दुर्गंधी आणि ओल यांत दिवस काढतात. ‘बागे’चा पहिला प्रयोग मॉस्को आर्ट थिएटरमध्ये जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १७ जानेवारी १९०४ ला झाला. त्या दिवशी चेखोव ४४ वर्षांचा झाला. प्रेक्षकांनी ऐकला तो त्रोफिमोव असा काटछाट केलेला.

ज्या इमारतीत ती काटछाट ऐकली गेली, तिची गोष्ट मला नाटकाइतकीच नाट्यमय वाटते. १९०२ मध्ये ते थिएटर नव्यानं बांधून दिलं सावा मोरोझोव यानं. हा कापडगिरणीवाला. नुसता पैसा देऊन थांबला नाही, रंगमंचावरच्या दिव्यांची व्यवस्था स्वतः हौसेनं बघायचा. त्याच्या बापाच्या, तिमोफेई मोरोझोवच्या, निकोल्स्कोयेच्या गिरणीत जानेवारी १८८५ मध्ये सुमारे ८,००० कामगारांनी संप केला होता. कारण होतं दंड. विणकामात खोट काढून, उशीर झाला म्हणून, उद्धट बोलला म्हणून पगार कापला जाई, आणि ती कपात पगाराच्या चौथाईपर्यंत जाई. लष्कर आणून संप मोडला. पण खटला उभा राहिला तेव्हा ज्यूरीनं १०१ प्रश्नांना १०१ वेळा ‘दोषी नाही’ असं उत्तर दिलं, आणि १८८६ मध्ये सरकारला दंडांना आळा घालणारा कायदा करावा लागला. त्याच गिरण्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या रंगमंचावर चाळीस माणसांच्या खोलीचं वाक्य मात्र उच्चारता आलं नाही.

या सावा मोरोझोवचा आजोबा भूदास होता. १८२० मध्ये १७,००० रूबल भरून त्यानं स्वतःची आणि मुलांची सुटका विकत घेतली. चेखोवचा आजोबा येगोरही भूदास होता. त्यानं १८४१ मध्ये ३,५०० रूबल मोजून कुटुंब सोडवलं. लोपाखिनचा बाप आणि आजोबा याच इस्टेटीवर भूदास होते आणि त्यांना स्वयंपाकघरातसुद्धा पाय ठेवायची मुभा नव्हती. म्हणजे थिएटर बांधणारा, नाटक लिहिणारा आणि नाटकात बाग विकत घेणारा, तिघेही गुलामांचे नातू. ही केवळ योगायोगाची गंमत म्हणून सोडून देता येत नाही. १९०४ च्या रशियात पैसा आणि प्रतिभा कुठून वर येत होती, ते यात दिसतं.

लोपाखिनचा बाप गावात दुकान चालवायचा आणि दारू पिऊन पोराला मारायचा. चेखोवच्या बापाचं तागानरोगला किराणा दुकान होतं आणि तोही मारायचा. १८७६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, तो मॉस्कोला पळाला, आणि घर कुटुंबाच्या परिचयातल्याच एका माणसानं स्वतःच्या नावावर करून घेतलं. सोळा वर्षांचा अंतोन मागे राहिला, पोरांच्या शिकवण्या करून पोट भरत. घर गमावणं म्हणजे काय, हे त्याला रानेव्स्कायाच्या बाजूनं ठाऊक होतं आणि वर चढणं म्हणजे काय, हे लोपाखिनच्या बाजूनं. पुढे १८९२ मध्ये त्यानं मेलिखोवोला स्वतःच इस्टेट घेतली. त्याच वर्षी कॉलऱ्याची साथ आली तेव्हा २५ गावांची वैद्यकीय जबाबदारी बिनपगारी उचलली. भूदासाचा नातू जमीनदार झाला आणि कुळांच्या घरोघर नाडी बघत हिंडला. चेखोवच्या नजरेतली ती सुप्रसिद्ध समता मला या दोन्हीकडच्या येण्याजाण्यातून आलेली वाटते.

म्हणून लोपाखिन खलनायक होऊ नये याची त्याला फार काळजी होती. हा हरएक अर्थानं सभ्य माणूस आहे, त्याला आरडाओरडा करणारा व्यापारी बनवू नका, असं त्यानं पत्रांतून पुनःपुन्हा बजावलं. ही भूमिका त्यानं मॉस्को आर्ट थिएटरचा नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती. स्तानिस्लाव्स्की हा खरा अलेक्सेयेव, सोन्याचांदीची जर बनवणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. लोपाखिन त्याच्या रक्तातच होता. त्यानं घेतली गायेवची भूमिका, विश्वकोशाची आणि बिलियर्डची भाषा बोलणाऱ्या सरदाराची. कारखानदाराच्या मुलाला मंचावर व्यापारी व्हायचं नव्हतं. माझ्या नाटकमंडळातल्या भूमिकावाटपाची मला इथे हटकून आठवण येते.

लोपाखिनच्या विजयाचा प्रसंग कुठल्याही नटाला भुरळ घालील असाच आहे. मॉस्कोच्या तागांका थिएटरात १९७५ मध्ये दिग्दर्शक एफ्रोसनं हे नाटक केलं तेव्हा ही भूमिका व्लादिमिर विसोत्स्कीनं केली होती, घोगऱ्या आवाजाचा लोकांचा लाडका गायक. लिलावात गायेवजवळ यारोस्लाव्लच्या आजीबाईंनी पाठवलेले १५,००० होते. देरिगानोव नावाच्या धनिकानं कर्जाच्या वर एकदम ३०,००० बोलले. तो पाच-पाच हजारांनी वाढवत गेला आणि लोपाखिन दहा-दहांनी. ९०,००० वर बाग लोपाखिनची झाली. तो हसतो, पाय आपटतो, वाजंत्र्यांना वाजवायला सांगतो, आणि आजोबा थडग्यातून उठून बघायला हवा होता असं त्याला वाटतं. त्या क्षणी मी त्याच्या बाजूचा असतो. काही क्षणांनी तो रडणाऱ्या रानेव्स्कायाला विचारतो की माझं का नाही ऐकलंत, तेव्हाही असतो.

पण त्याची योजनाही नीट पाहायला हवी. या बंगलेवाल्यांच्या वसाहतीत खेड्यातल्या माणसाला जागा कुठली? लोपाखिनला वाटतं, एक दिवस हे उन्हाळकरी आपल्या तुकड्यावर शेती करू लागतील आणि सगळीकडे आबादी होईल. व्यापाऱ्याला पडलेलं हे स्वप्न आहे. तो पहाटे पाचच्या आधी उठतो, कष्ट करतो, आणि शेवटच्या अंकात सांगतो की वसंतात हजार देस्यातीन खसखस पेरली, चाळीस हजार निव्वळ सुटले, आणि फुलोरा काय दिसत होता म्हणून सांगू! हजार देस्यातीन म्हणजे अडीच हजार एकरांच्या वर. ती खुरपणारे, बोंडं काढणारे मजूर त्याच्याही बोलण्यात येत नाहीत. भूदासाच्या नातवालाही एका पिढीत चित्र तेवढं दिसू लागलं, हात दिसेनासे झाले.

दुसऱ्या अंकातल्या त्या विचित्र आवाजाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. आभाळातून आल्यासारखा, तुटलेल्या तारेचा, विरत जाणारा. समीक्षक त्याला युगान्ताचा आवाज म्हणतात. मी तिथे बसलेल्यांचं ऐकतो. गायेवला तो बगळ्याचा वाटतो, त्रोफिमोवला घुबडाचा. लोपाखिन व्यवहारी, तो म्हणतो, दूर कुठल्या तरी खाणीत पोहऱ्याचा दोर तुटला असेल. चेखोव दोन्येत्स खोऱ्याच्या काठचा, कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. १८८७ च्या ‘सुख’ या कथेतही त्यानं गवताळ माळावर हाच आवाज ऐकवला आहे आणि तिथेही खाणीतल्या पोहऱ्याचंच कारण दिलं आहे. १८९० मध्ये तो साखालीन बेटावर जाऊन कैद्यांची खानेसुमारी करून आला, दुएच्या कोळसाखाणींत राबणारे शिक्षेचे कैदी त्यानं डोळ्यांनी पाहिले. पोहऱ्याचा दोर तुटतो तेव्हा खाली कोण असतं हे त्याला माहीत होतं. मंचावरचे लोक शहारतात, आणि लगेच तो तीस कोपेक मागणारा वाटसरू उगवतो.

फिर्स त्या आवाजाला तिसराच अर्थ देतो. त्या अनर्थाच्या आधीही असंच झालं होतं, घुबड ओरडत होतं, सामोवार घुमत होता. कुठला अनर्थ, असं विचारल्यावर तो सांगतो, मुक्ती. प्रेक्षक खदखदून हसतात. गुलामाला गुलामीच बरी वाटते, याहून मालकाच्या सोयीचा विनोद कुठला? लोपाखिनही त्याला टोमणा मारतो की पूर्वी छान होतं, निदान फटके तरी मिळत. फिर्सला ते ऐकू येत नाही, तो होकार भरतो.

फिर्स वाचताना मला त्या हशाचा त्रास होऊ लागला आणि मी १८६१ च्या कायद्याकडे वळलो. शेती कसणाऱ्या भूदासांना त्यात जमिनीचा वाटा मिळायचा होता, विकत. घरात राबणाऱ्यांना, म्हणजे आचारी, मोतद्दार, दाया आणि फिर्ससारखे खिदमतगार यांना, जमीन मिळणार नव्हती. अशी माणसं १५ लाखांच्या घरात होती. दोन वर्षं पूर्वीसारखीच सेवा करायची आणि मग मोकळं व्हायचं, हात हलवत. फिर्स त्या वेळी पंचेचाळिशीचा, घरातला वरिष्ठ खिदमतगार. ना जमीन, ना बैल, ना झोपडी, ना कोट झटकण्यापलीकडचं दुसरं कसब. सगळे खूश होते, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक नव्हतं, असं तो म्हणतो. त्याच्यापुरतं ते शब्दशः खरं आहे. त्यानं स्वातंत्र्याला नकार दिला तो स्वामिनिष्ठेपोटी, असं मालक समजतात आणि दुर्दैवानं फिर्सही तसंच समजतो. मी त्याला साधा हिशेब म्हणेन.

दुसऱ्या पिढीतला नोकर याशा असा फसत नाही. तो पॅरिस पाहून आलाय. खेड्यातून भेटायला आलेली आई कालपासून नोकरखोलीत बसून आहे, हे कळल्यावर तो कपाळाला आठी घालतो. जाताना लोपाखिननं आणलेली आठ रूबलची शँपेन एकटा संपवतो. त्याच्यासारखा ओंगळ माणूस या नाटकात दुसरा नाही, पण त्याला तसं घडवण्यात कोणाचा हात आहे हे विचारावंच लागतं. मालकांपासून त्यानं एकच विद्या उचलली आहे, मागच्या खोलीत बसलेल्या माणसाला विसरण्याची.

तिसऱ्या अंकात फिर्स आजारी आहे. त्याचा इलाज तो सांगतो: थोरले मालक सगळ्या नोकरांना सगळ्या दुखण्यांवर लाख द्यायचे, पत्राला लावतात ती. तीच मी वीस वर्षं रोज घेतोय, म्हणून जगलो असेन. डॉक्टर असलेल्या चेखोवनं हे वाक्य कुठल्या चेहऱ्यानं लिहिलं असेल! चौथ्या अंकात त्याला इस्पितळात पाठवायचं ठरतं. पाठवला का, असं आन्या याशाला विचारते. सकाळी येगोरला सांगितलं होतं, याशा म्हणतो. ती येपिखोदोवला चौकशी करायला सांगते, तर याशा रागावतो, दहादा काय विचारायचं! येपिखोदोव म्हणतो, हा म्हातारा आता दुरुस्त होण्यापलीकडे गेलाय. दाराआडून वार्या विचारते, फिर्सला नेलं? आन्या सांगते, नेलं. मग डॉक्टरला द्यायची चिठ्ठी इथेच कशी? तर ती मागून पाठवू. जिन्यावरून सुटलेल्या तांब्यासारखी जबाबदारी एकेक पायरी गडगडत खाली जाते, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर येगोर असतो, जो नाटकात नाहीच. कुणीही खोटं बोललेलं नाही. कुणाचीही फिर्सवर माया कमी नाही. घराला कुलूप लागतं तेव्हा तो आत असतो, आणि बाहेर कुऱ्हाडी चालू झालेल्या असतात.

स्तानिस्लाव्स्कीला यात शोकान्तिका दिसली, वाचून तो रडला. चेखोव हट्टानं म्हणत राहिला की ही कॉमेडी आहे, काही ठिकाणी तर फार्स. हे भांडण शंभर वर्षं चाललंय. माझ्यापुरता मी चेखोवच्या बाजूनं कौल दिलाय. बागेसाठी रडणं मला जमत नाही. गायेवला बँकेत वर्षाला ६,००० रूबलची नोकरी लागली, रानेव्स्काया आजीबाईंचे १५,००० घेऊन पॅरिसला निघाली, वार्या ७० वेर्स्तांवर दुसऱ्या जमीनदाराचं घर सांभाळायला गेली. मालकांचं कर्ज हातोड्याच्या एका ठोक्यात फिटलं.

शेतकऱ्यांचं तसं फिटलं नाही. बापजाद्यांनी कसलेल्या जमिनीची किंमत सरकारनं जमीनदारांना रोख्यांत चुकती केली होती आणि ती शेतकऱ्यांकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी, व्याजासह, वसूल होत होती. ‘चेरीची बाग’ मंचावर आली तेव्हा हप्ते चालूच होते. पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, खेड्यापाड्यांत जमीनदारांचे वाडे पेटले, तेव्हा कुठे सरकारनं माघार घेतली आणि १ जानेवारी १९०७ पासून ती वसुली थांबली. फिर्सला यातलं काहीच लागू नव्हतं. त्याला जमीनच मिळालेली नव्हती.